आपबीतीची किंमत आणि औषधाची किंमत

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला दौंड तालुक्यातील कुरकुंभची औद्योगिक वसाहत आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना दिसते. रसायनांचे आणि औषधांचे कारखाने येथे दाटीने उभे आहेत. एड्सवरील औषधांच्या जागतिक बाजाराला ज्या भारतीय कंपनीने एकेकाळी जबर हादरा दिला, त्या सिप्लाचाही कारखाना याच वसाहतीत आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावचे कारखाने, पुणे-नगर रस्त्यावरची रात्रंदिवस चालणारी मालवाहतूक, दौंडचे रेल्वे जंक्शन, उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि कोपीसह उतरणारी मराठवाड्यातील मजूर कुटुंबे, आणि पोटासाठी गाव सोडून खोल्यांतून राहणारे परप्रांतीय तरुण. या दोन तालुक्यांत औषधही तयार होते आणि ज्या परिस्थितीत एचआयव्ही पसरतो ती परिस्थितीही येथे नांदते.

तरीही येथील एखाद्या बाधित तरुणाला विचारले, तर तो बहुधा सांगेल की गोळ्यांची बाटली घरी आणण्यापूर्वी तिच्यावरचे लेबल तो काढून टाकतो. गोळ्या साध्या डबीत भरल्या जातात, डबी कपड्यांच्या घडीखाली जाते. जवळचे केंद्र सोडून मुद्दाम दूरच्या गावाला औषध घ्यायला जाणारे रुग्ण या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत. औषध आज शासनाकडून मोफत मिळते. पण ते उघडपणे घेता येत नाही. पहिली गोष्ट कशी साध्य झाली हे नीट पाहिले, तर दुसरी का राहून गेली याचा उलगडा होतो.

औषध स्वस्त झाले ते एका उद्योगपतीच्या औदार्याने आणि सरकारच्या कृपेने, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कंपनी पुढे आली, सरकारने तिजोरी उघडली, हे निर्विवाद. परंतु त्याआधी काही माणसांनी, आणि त्यांतही बहुतांश तरुणांनी, जगापुढे उभे राहून ‘हा आजार मला आहे’ असे सांगितले होते.

आपल्या शेजारच्या गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. पर्रा गावचा, वन्यजीव संरक्षणाच्या संस्थेत नोकरी करणारा, तिशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. रक्तदान करणे हाच त्याचा गुन्हा ठरला. रक्ताच्या तपासणीत विषाणू आढळला आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले. का नेत आहेत हेही त्याला कुणी धड सांगितले नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांच्या सक्तीच्या अलगीकरणाची तरतूद होती. तिच्या आधारे म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग इस्पितळात, पहाऱ्यात, त्याला ६४ दिवस ठेवण्यात आले. त्याच्या आईच्या नावाने उच्च न्यायालयात याचिका गेली. न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली नाही. मात्र डॉमिनिक सुटला आणि पुढे त्या कायद्यातील सक्ती सैल झाली. सुटल्यावर तो कुठल्या तरी अनोळखी शहरात निघून गेला असता, तर त्याला कुणी दोष दिला नसता. त्याने उलट केले. आपल्यावर काय गुदरले ते तो नावानिशी बोलत राहिला आणि १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्याने उभी केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचे निधन झाले. त्याच्या आयुष्यात परिणामकारक औषध आलेच नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. स्वतःसाठी मिळण्यासारखे काही उरलेले नसताना तो बोलत होता.

परिणामकारक औषधे आली ती १९९६ च्या सुमारास. तीन औषधे एकत्र दिली तर विषाणूला थोपवता येते, असे सिद्ध झाले. पण या उपचारांचा वार्षिक खर्च रुग्णामागे दहा ते पंधरा हजार डॉलर होता. औषध उत्तर गोलार्धात आणि रुग्ण दक्षिणेत, असा तो काळ. २००० च्या जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे भरलेल्या जागतिक एड्स परिषदेत न्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा बाधित मुलगा व्यासपीठावर उभा राहिला. अंगापेक्षा मोठा कोट, हातात ध्वनिक्षेपक, आणि आईकडून जन्मतःच आलेल्या आजाराची हकिकत. पुढच्याच वर्षी, जून २००१ मध्ये तो गेला. त्या देशाच्या सरकारने स्वस्त औषधांचा कायदा केला म्हणून न्यायालयात गेलेल्या ३९ औषध कंपन्यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये खटला मागे घेतला होता. कायदेपंडितांच्या युक्तिवादाइतकीच त्यामागे लोकलज्जाही होती. जग पाहत होते आणि जगाला आता आकडे नव्हे, चेहरे दिसत होते.

त्याच २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संपूर्ण उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय सेवासंस्थेला देऊ केला. हे शक्य झाले याचे श्रेय १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याला दिले पाहिजे. त्या कायद्याने औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिले. त्यामुळे तीन निरनिराळ्या विदेशी कंपन्यांच्या ताब्यातील तीन औषधे भारतीय रसायनशास्त्रज्ञांना एकाच गोळीत बांधता आली. ज्यांच्याकडे पेटंटची मालकी होती त्यांना आपापसांतील स्पर्धेमुळे हे साधे काम सुचले नाही, किंवा सुचूनही करता आले नाही. डंकेल प्रस्तावाच्या काळात १९९१ मध्ये स्थापन झालेल्या स्वदेशी जागरण मंचाने देशभर रान उठवले, तेव्हा त्या विरोधाला जुनाट म्हणून हसणारे अर्थपंडित कमी नव्हते. औषधांच्या बाबतीत तरी ते हसणे अकाली होते.

१ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. महाराष्ट्रात आरंभ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापासून झाला. शिरूर-दौंडच्या रुग्णाला त्या आरंभीच्या दिवसांत औषधासाठी मुंबई गाठणे म्हणजे एक रोजगार बुडवणे आणि घरी एक खोटे कारण सांगणे. पुढे केंद्रे वाढली आणि जवळ आली. पण २००५ च्या पहिल्या तारखेपासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे उत्पादनावर पेटंट देणे भारताला भाग पडले. संसदेने कायद्यात दोन दारे शहाणपणाने उघडी ठेवली. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मागणाऱ्याला कलम ३(ड) अडवते. आणि पेटंट देण्यापूर्वी कुणाही व्यक्तीला त्यास हरकत घेता येते.

‘कुणाही व्यक्तीला’ हे शब्द रुग्णांनी गंभीरपणे घेतले. ३० मार्च २००६ रोजी मणिपूरच्या आणि अखिल भारतीय पातळीवरच्या बाधितांच्या संघटनांनी एका बलाढ्य ब्रिटिश कंपनीच्या ‘कॉम्बिव्हिर’ या औषधाच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली. दोन जुनी औषधे एका गोळीत घालणे हा शोध नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. काही महिन्यांतच कंपनीने अर्ज मागे घेतला. हरकत घेणारे वकील वा शास्त्रज्ञ नव्हते, ते त्या गोळीवर जगणारे लोक होते.

अगदी अलीकडचे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते क्षयरोगाचे आहे. एचआयव्हीच्या रुग्णाला सर्वाधिक ग्रासतो तो क्षयरोगच, तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही. नंदिता वेंकटेशन या तरुणीला आतड्यांचा क्षयरोग दोनदा झाला. उपचारांतील इंजेक्शनांमुळे तिची श्रवणशक्ती गेली. नृत्याची आवड असलेली ही मुलगी ताल कानांनी ऐकू येत नसतानाही नाचत राहिली, पत्रकार झाली आणि आपली कहाणी सांगत राहिली. अशाच उपचारांत ऐकू येणे बंद झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या तरुणीसह तिने २०१९ मध्ये बेडाक्विलीन या क्षयरोगावरील नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवू पाहणाऱ्या अर्जाला हरकत घेतली. या औषधामुळे ती श्रवणघातक इंजेक्शने टाळता येतात, पण ते महाग होते. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. आपले कान गेले ते गेले, दुसऱ्याचे वाचावेत, एवढाच त्या दोघींचा स्वार्थ.

औषधाची किंमत अशी उतरली. आपबीतीची किंमत मात्र उतरलेली नाही, आणि ती सांगणाऱ्यालाच मोजावी लागते. नंदिताची कहाणी ऐकून समाज हळहळतो. एचआयव्हीची कहाणी ऐकणारा समाज आधी विचारतो, ‘हे झाले कसे?’ पहिला प्रश्न उत्तरासाठी असतोच असे नाही. बऱ्याचदा तो निवाड्यासाठी असतो. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातील पहिले बाधित आढळल्यावर पुढील दहा-पंधरा वर्षे अनेक सुजाण मंडळीही असे मानत आली की, हा पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा रोग आहे, आपल्या कुटुंबव्यवस्थेला त्याचे भय नाही. तामिळनाडूच्या पी. कौसल्या यांनी ही समजूत सरळ खोडून काढली. घरच्यांनी ठरवलेले लग्न, पतिनिष्ठ संसार, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत पतीकडून आलेला विषाणू. १९९८ मध्ये त्यांनी बाधित स्त्रियांची संघटना उभारली. त्यांच्यासारख्या असंख्य स्त्रियांनी कुटुंबव्यवस्थेचा प्रत्येक नियम पाळला होता. ज्यांना ही व्यवस्था प्राणप्रिय आहे त्यांनी तर या स्त्रियांच्या बाजूने सर्वांत आधी उभे राहायला हवे होते. तसे सर्वत्र घडले नाही, हे मान्य केलेले बरे.

वास्तविक आपल्या परिवाराला हा मार्ग अनोळखी नाही. सदाशिव गोविंद कात्रे हे स्वयंसेवक स्वतः कुष्ठरोगी होते. समाजाने दूर लोटल्याचा अनुभव घेतल्यावर ते तोंड लपवून बसले नाहीत. १९६२ मध्ये छत्तीसगडातील चांपा येथे त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. नंतर ते काम विदर्भातून गेलेल्या दामोदर गणेश बापट यांनी आयुष्यभर सांभाळले. कात्रेंच्या झोळीत लोकांनी मूठभर तांदूळ टाकले, ते त्यांच्या रोगाकडे पाहून नव्हे, आणि रोग विसरूनही नव्हे. कुष्ठरोगाच्या बाबतीत जे जमले ते एचआयव्हीच्या बाबतीत अवघड वाटते, कारण येथे रोगाला नीतीची शंका चिकटलेली आहे. शंका चिकटवणारे मात्र रोगी नसतात.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती अनेक सेवाभावी मंडळींना रुचणार नाही. दरवर्षी १ डिसेंबरला महाविद्यालयांतून प्रभातफेरी निघते, लाल फितीचे बिल्ले वाटले जातात आणि कार्यक्रमात ‘रंग भरावा’ म्हणून एखाद्या बाधित तरुणाला व्यासपीठावर आणण्याचा आग्रह धरला जातो. टाळ्या होतात, गुच्छ दिला जातो, स्थानिक वार्ताहर छायाचित्र काढतो. पुण्या-मुंबईच्या गर्दीत तो चेहरा विरून जातो. शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या फलाटावर तो विरत नाही. दुसऱ्या दिवशी खोलीमालक दारात उभा असतो, बहिणीचे जमत आलेले लग्न अडते. डॉमिनिक, कौसल्या, नंदिता यांनी बोलायचे स्वतः ठरवले, वेळ आणि जागा स्वतः निवडली. कुणी भिडेखातर बोलते केलेल्या मुलाची तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. माहितीपूर्ण संमतीशिवाय कुणालाही आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही आणि नोकरी, शाळा, घर यांत भेदभाव करता येत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. मात्र औषध पुरवण्याचे कर्तव्य सांगताना त्याच कायद्यात ‘शक्य तितके’ अशा अर्थाची पळवाट आहे. तिच्यावर बाधितांच्या संघटनांनी तेव्हाच बोट ठेवले होते.

ती शंका निराधार नव्हती. २०२२ च्या जुलैमध्ये काही औषधांचा तुटवडा पडला तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात बाधित मंडळी महिन्याहून अधिक काळ बसून राहिली. महिन्याच्या गोळ्यांऐवजी थोड्या दिवसांच्या गोळ्या हातात पडू लागल्या की रोजंदारीवरच्या माणसाच्या फेऱ्या वाढतात, आणि फेऱ्या वाढल्या की एक दिवस तो येतच नाही. औषध खंडित झाले तर विषाणू त्याला दाद देईनासा होतो. अखंड घेतले आणि रक्तातील विषाणू मोजता येऊ नये इतका खाली गेला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. हे सत्य गावागावांत पोहोचले असते तर निम्मे लेबल खरवडणे थांबले असते.

रुग्णांसाठी उघडे ठेवलेले ते हरकतीचे दारही पूर्वीइतके मोकळे उरलेले नाही. मार्च २०२४ मध्ये पेटंट नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पूर्वी निःशुल्क असलेल्या या हरकतीला शुल्क लागू झाले आणि ती दाखल करून घेण्याजोगी आहे की नाही हे आधी ठरवले जाऊ लागले. नवनवी औषधे बाजारात येतील, त्यांच्यावर पेटंटचे अर्ज येतील, आणि हरकत घ्यायला पुन्हा कुणा तरुणाला आपल्या आजाराचे कागद घेऊन कार्यालयाची पायरी चढावी लागेल. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे शुल्क रद्द करून घेण्याची मागणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करायला हरकत नाही. त्यासाठी रक्ताचा अहवाल जोडावा लागत नाही. शिरूर-दौंडमधील शाखा, पतपेढ्या, गणेश मंडळे आणि महिला मंडळे यांना तर एवढे सहज जमेल: गावात खोली मागणाऱ्या, कारखान्यात कामाला लागू पाहणाऱ्या बाधित मुलाला त्याचे नाव कुठल्याही व्यासपीठावर न घेता खोली मिळवून द्यावी, आणि महिन्यातून एकदा तो सुट्टी का मागतो हे मुकादमाने विचारू नये, अशी व्यवस्था लावावी.