कागद तपासले, चौकटी कोण तपासणार?

बंगळुरूच्या इंदिरानगरात जुन्या बंगल्याचा सौदा ठरला की वकिलाच्या टेबलावर तीस-तीस वर्षांची कागदपत्रं पसरतात. खाता कुणाच्या नावावर आहे, बोजा आहे का, सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या का? बँकेचा माणूस येतो आणि क्षेत्रफळ मोजून जातो. जिन्याखालच्या कपाटाची मागची फळी मात्र कुणी ठोकून बघत नाही.

बंगळुरू विकास प्राधिकरणाने ही वस्ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस वसवली. २०११मध्ये मेट्रो आली, हंड्रेड फीट रोडची दुकानं गल्ल्यांत शिरली आणि राहत्या घरांचे भाव कोटींत गेले. लाकडी चौकटी आणि भिंतीतली कपाटं तीच राहिली.

या लाकडाला लागलेल्या वाळवीच्या आणि भुंगेऱ्यांच्या खुणा ओळखणं अवघड नसतं. जमिनीतली वाळवी पायापासून भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या बांधत चढते. नळीचा छोटा तुकडा मोडून ठेवावा. काही दिवसांत तो पुन्हा सांधला गेला, तर आत वर्दळ चालू आहे. सुक्या लाकडातली वाळवी मातीशिवाय जगते, तिची विष्ठा खसखशीसारखी खाली सांडते. भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या लाकडाला गोल छिद्रं पडतात आणि त्यांतून पूड झडते. पण विक्रीआधी रंगाचा एक हात फिरला की यातलं बरंच झाकलं जातं.

कायदा गप्प नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, साध्या काळजीने खरेदीदाराला सापडणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर त्याने तो उघड केला पाहिजे. गोम इथेच आहे. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हटलं की ते खोटं ठरवण्याचं ओझं खरेदीदारावर येतं. रेराची पाच वर्षांची दोषहमी बिल्डरवर बंधनकारक आहे, चाळीस वर्षांचा बंगला विकणाऱ्या मालकावर नाही. म्हणूनच सौद्याआधी लेखी तपासणी हवी. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हमीच्या गृहकर्जाला अनेक राज्यांत असा अहवाल लागतो. इंदिरानगरात डिफेन्स कॉलनी आहे आणि लाकडावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाही याच शहरात, मल्लेश्वरमला आहे. तरीही तसा रिवाज इथे पडलेला नाही.

यावर दलाल म्हणतील, बंगला पाडायचाच आहे, मग तपासणी कशाला? पण घर पाडल्याने जमिनीतलं वारूळ मरत नाही. मातीत राहिलेले झाडांचे बुंधे आणि शटरिंगच्या फळ्या त्याला खाद्यच पुरवतात. बांधकामापूर्वी पायाच्या मातीवर औषध कसं मारायचं, याचं भारतीय मानक आयएस ६३१३ आहे. प्लॉटवर वाळवी आहे हे आधीच कळलं, तर ते काम ठेकेदाराच्या मर्जीवर सोडलं जाणार नाही.

दुसरा आक्षेप रास्त आहे. तपासणारा स्वतःच औषध मारण्याचं कंत्राट घेणार असेल, तर त्याला प्रत्येक भिंतीत वाळवी दिसेल. त्यामुळे ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांना द्यावीत आणि तपासणीचे पैसे खरेदीदाराने भरावेत. बंद खोल्या, फॉल्स सीलिंग, भिंतीला चिकटलेली कपाटं असं जे बघताच आलं नाही, त्याचीही यादी अहवालात हवी. पूर्वी औषध मारलं असेल, तर कुठलं आणि केव्हा, हे विक्रेत्याने लिहून द्यावं. विसार देण्यापूर्वी हे दोन्ही कागद करारनाम्याला जोडले, तर वाळवी निघाल्यास किंमत कमी करायची की दुरुस्ती विक्रेत्याने करून द्यायची, हे दोघांना नोंदणीआधीच ठरवता येईल.