डोकं घरी ठेवू नका

“डोकं घरी ठेवून बघायचा पिक्चर आहे.” जॅकी चॅनचं नाव काढलं की हे वाक्य मी हमखास ऐकते. सांगणारा ते प्रेमानं सांगतो, म्हणून तर जास्त राग येतो. मारामारी आणि विनोद एकाच वेळी करून दाखवायला जितकं डोकं लागतं, तितकं फार थोड्या सिनेमांना लागत असेल.

मुलुंडच्या आमच्या घरी रविवारी दुपारी केबलवर हिंदीत डब केलेला जॅकी चॅन लागायचा. बाकीचे हीरो दहा जणांना लोळवायचे आणि त्यांचा भांगही विस्कटायचा नाही. हा मात्र ठोसा मारायचा आणि वळून स्वतःचाच हात झटकायचा. लागलं, दुखलं, हे तो लपवायचा नाही. या सिनेमांची सगळी ओढ मला त्या हात झटकण्यात दिसते. मार खाणारा, तोंड वेडंवाकडं करणारा आणि तरी उठणारा माणूस! घाटकोपरला संध्याकाळी लेडीज डब्यात चढणाऱ्या बाईला तो लगेच ओळखीचा वाटेल. बॅग पुढे, खांदा तिरका, एक पाय फूटबोर्डवर आणि कोपर कुणाच्या तरी बरगडीपासून बोटभर लांब. हे ज्ञान शरीराचं आहे, आणि शरीराच्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणत नाही. माझं भांडण याच गोष्टीशी आहे.

‘प्रोजेक्ट ए’ (१९८३) मध्ये जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडतो, वाटेतली कापडी छपरं फाडत जमिनीवर आदळतो. आपल्याला तो पूर्ण दिसतो, डोक्यापासून पायापर्यंत. हल्लीच्या मारामाऱ्यांत एका ठोशाला चार कट आणि वर स्लो मोशन. त्यानं हीरो बलवान दिसतो, पण हसू येत नाही. हसू यायला स्टूल कुठे होतं, पाय कुठे होता आणि दोघांची गाठ कशी पडली हे सगळं एका चौकटीत दिसावं लागतं. हे आपोआप जमत नाही. जॅकी लहानपणी हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढला. तिथे कोलांट्या, गाणं आणि अभिनय वेगळे विषय नव्हते.

आपल्याकडे असं काही नव्हतं का? चेंबूरला होतं. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवानदादा ‘अलबेला’च्या (१९५१) आधी कमी खर्चातले स्टंटपट काढायचे. चेंबूरला त्यांचा जागृती स्टुडिओ होता. त्या चित्रपटांचा प्रेक्षक मुख्यतः कामगार. आज आपल्याला ‘अलबेला’ची गाणी पाठ आहेत. जुहूचा बंगला गेला आणि दादा दादरच्या चाळीत परतले, ही हळहळही पाठ आहे. त्यांच्यावर २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ आला. पण त्या स्टंटपटांचं नाव कुणी काढत नाही. ते कामगारांचे, म्हणजे आपोआपच डोकं नसलेले!

“पण मारहाणीला काय हसायचं?” हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो चुकीच्या माणसावर घेतला जातो. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांची चपराक ललिता पवारांना खरोखरच जोरात लागली. चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. यात विनोद शून्य. विनोद याच्या बरोबर उलट गोष्टीत असतो. हात गालाच्या अलीकडे चुकवायचा आणि समोरच्यानं त्याच क्षणी मान फिरवायची. तो दोघांचा एकमेकांवरचा भरवसा आहे. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी झाडावरून पडून जॅकीची कवटी फुटली. त्या जखमेला मी टाळ्या वाजवणार नाही. टाळ्या न लागण्याच्या कसबाला.

वासन बालाचा ‘मर्द को दर्द नहीं होता’ हे सगळं जाणून केलेला मुंबईचा सिनेमा. कुंग फूच्या कॅसेटी बघत वाढलेल्या नायकाला वेदनाच कळत नाही, म्हणून त्याला ‘आऊच’ म्हणायला शिकावं लागतं. महेश मांजरेकर त्याचे आजोबा. मर्दानगीच्या जुन्या डायलॉगची इतकी मजेदार खोड दुसऱ्या कुणी काढलेली नाही. २०१८ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागाचा प्रेक्षक पुरस्कार त्यानं मिळवला. २१ मार्च २०१९ ला तो इथे ‘केसरी’बरोबर लागला. आपण गर्दी कुठे केली, ते सांगायला नको.

राष्ट्रीय पुरस्कार १९५३ च्या चित्रपटांपासून दिले जातात. ॲक्शन दिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू झाला २०१६ च्या चित्रपटांपासून. ऑस्करवाल्यांनी तर स्टंटचा पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर केला, आणि तोही २०२७ च्या चित्रपटांपासून मिळणार. अंधेरी-गोरेगावच्या सेटवर हीरोच्या जागी पडणाऱ्या माणसाला ‘फाइटर’ म्हणतात. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. पाठ हीरोची म्हणून दाखवतात, आदळते ती त्याची.

तेव्हा आज रात्री एक करा. मोबाइल आडवा धरा, आवाज बंद करा आणि जॅकीची कुठलीही एक मारामारी पुन्हा बघा. कट मोजा. हीरोकडे नको, पडणाऱ्यांकडे बघा. कोण कुठून आला, कधी वाकला, कुणासाठी थांबला. मग सांगा, डोकं घरी ठेवून हे दिसलं असतं का?