वायरिंग बदलावे, पण पुरावा जाळू नये: जुन्या जीपच्या तारांचा इतिहास

१/ जव्हारचा इतिहास म्हटला की मुकणे घराणे, राजवाडा आणि १९४८ साली मुंबई प्रांतात झालेले विलीनीकरण आठवते. मोखाड्याहून त्र्यंबकच्या दिशेने घाट चढणाऱ्या जीपला मात्र कोणत्याच इतिहासात जागा नसते. अशी एखादी जुनी जीप कोणी पुन्हा उभी करू लागला, की पहिला वाद पेटतो तो वायरिंगवरून. मूळच्या तारा ठेवायच्या की काढायच्या? #थ्रेड

२/ जीप ही दुसऱ्या महायुद्धाची निर्मिती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. जिथे पक्की सडक संपते तिथे हिचे काम सुरू होत असे. डोंगराळ तालुक्यांच्या दळणवळणात म्हणूनच तिला राजाच्या मोटारीहून अधिक मोल आहे.

३/ त्या काळच्या तारेची रचना पाहण्यासारखी आहे. आत तांब्याचे बारीक पदर, त्यावर रबर, त्यावर सुताची वीण आणि शेवटी वॉर्निशचा लेप. विणीतल्या रंगीत धाग्यावरून तार कोणत्या कामाची ते ओळखावयाचे. रबरातील गंधकाने तांबे काळवंडते, म्हणून पुष्कळदा तांब्याला कथलाचा मुलामा असे.

४/ युद्धकाळातील विलिस जीपची बॅटरी ६ व्होल्टची होती. हिशेब सोपा आहे. ३६ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, तर ६ व्होल्टवर ६ अँपिअर. प्रवाह दुप्पट, म्हणून तारही जाड हवी. ही जाडी म्हणजे त्या युगाच्या विद्युतज्ञानाची खूणच.

५/ रबराला मात्र आयुष्य असते. इंजिनाची उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांनी ते कडक होते, चिरते, बोटाने दाबताच भुगा होऊन गळते. वरचे सूत शाबूत दिसते, आणि धोका नेमका तिथेच दडलेला असतो: बाहेरून तार धडधाकट, आतून उघडी.

६/ त्यात सह्याद्रीचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल सुतात मुरते, जोडांवर हिरवा गंज चढतो, दिवे मंदावतात. पडवीत उभ्या गाडीत उंदीर शिरले तर उरलेले काम ते पुरे करतात.

७/ अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीकडून अँमीटरकडे जाणाऱ्या मुख्य तारेवर फ्यूजच नसे. ही तार चासीला टेकली की प्रवाहाला अडवणारे काही उरत नाही. तार लाल होते, शेजारच्या तारा पेटवते, आणि काही मिनिटांत इतिहासाची राख होते. मूळपणाच्या हट्टापायी मूळ गाडीच गमावण्यात शहाणपण कोणते?

८/ विरुद्ध पक्षाचे म्हणणेही पोकळ नाही. वायरिंग हा त्या गाडीचा दस्तऐवज आहे. कारखान्याची जोडणी, पुढे तालुक्याच्या मेस्त्रीने मारलेले जोड, वाढवलेला एखादा दिवा, १२ व्होल्टची नंतरची बॅटरी: गाडी कशी जगली हे यातूनच कळते. सारे उपटून भंगारात टाकणे म्हणजे बखरीची पाने फाडणे होय.

९/ कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज ठरते. ज्या मोठ्या फेरबदलांना मज्जाव आहे, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, वायरिंगचा नाही. म्हणजे निर्णय बव्हंशी मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे.

१०/ त्या विवेकाला दिशा देते ती 'फीवा' या आंतरराष्ट्रीय जुन्या-वाहन संघटनेची ट्युरिन सनद. गाडीच्या नित्य वापराच्या काळात झालेले बदल हीदेखील तिच्या इतिहासाची साक्ष, असे ती मानते. आणि पुनरुज्जीवनात बदललेल्या भागांवर ओळखीची कायम खूण असावी, असे सांगते.

११/ तेव्हा मार्ग दोन्हींच्या मधला आहे. तार काढण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे, दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी, लांबी व रंग वहीत उतरवावे. नवी तार आतून पीव्हीसीची, वरून त्याच रंगाच्या सुती विणीची असावी. ६ व्होल्ट असेल तर जाडी कमी करू नये. मुख्य तारेवर फ्यूज बसवावा आणि तो नवा आहे हे लपवू नये.

१२/ आणि जुनी जुडी? ती गुंडाळून, चिठ्ठ्यांसह, कोरड्या पेटीत ठेवावी. तांब्याच्या भावाने विकू नये. तिच्यातील मेस्त्रीचे जोडही तसेच राहू द्यावेत. त्या मेस्त्रीचे नाव कोणत्याही दप्तरात नसेल. चिकटपट्टीखाली पिळलेली ती दोन टोके हीच त्याची सही.

१३/ राजवाड्याच्या दगडांना राखणदार मिळतात. घाटात माणसे, धान्य, आजारी आणि वऱ्हाडी वाहणाऱ्या गाड्यांना ते अजून मिळायचे आहेत. ते मिळेपर्यंत गाडी पेटू नये म्हणून नवी तार, आणि स्मृती विझू नये म्हणून जुनी, दोन्ही हव्यात.