परीक्षकांची परीक्षा

आध्यात्मिक अनुभवाविषयी लिहिताना आपल्याकडे दोनच पवित्रे घेतले जातात. एक म्हणतो, अनुभव ज्याचा त्याचा. त्याची चिकित्सा हा उद्धटपणा. दुसरा म्हणतो, खरा आत्मा आणि खोटा आत्मा हा भेदच सत्तेने रचलेला. त्यात तपासण्याजोगे काही नाही. आमच्या मते हे दोन्ही पवित्रे विचाराचे कष्ट टाळण्यासाठी आहेत.

ख्रिस्ती परंपरेने हा प्रश्न इतक्या स्वस्तात सोडवलेला नाही. आत्म्यांची परीक्षा करावी, ही आज्ञा योहानाच्या पहिल्या पत्रातच आहे. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ग्रीक पुस्तिकेने तर ती परीक्षा व्यवहारात आणली. फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकून बसला, तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये. गरजवंतांसाठी मागणाऱ्याला मात्र कोणी दोष देऊ नये. खरे शिकवतो पण तसे वागत नाही, तोही खोटा. येथे आवेशाची तीव्रता मोजलेली नाही. हिशेब मागितला आहे तो वर्तनाचा आणि लाभाचा.

जोन ऑफ आर्कचे उदाहरण आमच्याविरुद्ध हमखास पुढे केले जाईल. 1429मध्ये पुआतिए येथे राजपक्षाच्या धर्मपंडितांना तिच्यात काही वाईट आढळले नाही. 1431मध्ये रुआँ येथे इंग्रजांच्या पाठबळावर चाललेल्या खटल्यात, पॅरिस विद्यापीठाच्या पंडितांनी तिला दिसणाऱ्या संतांना बेलियल, सैतान आणि बहेमोथ ठरवले, आणि तिला जाळण्यात आले. 1456मध्ये तो निवाडा रद्द झाला. 1920मध्ये ती संत ठरली. मग पारख म्हणजे निव्वळ राजकारणच नव्हे काय?

आम्ही म्हणतो, नव्हे. रुआँचा निवाडा अन्याय्य होता, असे म्हणताच आपण न्याय्य पारखीचे अस्तित्व मान्य केलेले असते. तेथे चुकले ते निकष नव्हेत. ते निकष न्यायासनाला कोणी लावले नाहीत, ही चूक. निर्णयाचा लाभ कोणाला, हा प्रश्न संदेष्ट्याला विचारायचा, तर बिशप कोशोंलाही विचारायला हवा होता. आणि पुआतिएच्या पंडितांनाही, कारण त्यांच्या राजालाही ती हवीच होती.

पारख नाकारली की जोनला न्याय मिळत नाही; तिचे न्यायाधीश तेवढे सुटतात. साहित्याच्या वर्गात भेदमात्राला सत्तेचा खेळ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी, आपण कोणाची सुटका करीत आहोत, हे एकदा पाहावे.