निर्यातीची द्राक्षे आणि शीतगृहातील नोंद

परदेशी जाणाऱ्या द्राक्षांविषयी बोलताना बागेची निगा, फवारण्यांचे वेळापत्रक, घडांची विरळणी व मालाची प्रतवारी यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु माल बागेतून निघाल्यावर व बोटीवर चढण्यापूर्वी ज्या शीतगृहात राहतो, तेथील कारभाराकडे जावयास हवे तितके लक्ष जात नाही. शीतगृह म्हणजे थंड हवेची खोली आणि शीतगृहचालक म्हणजे तिचे भाडे घेणारा, अशीच समजूत अद्याप अनेक ठिकाणी आढळते. ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने शीतगृहचालक हा मालाचा साक्षीदार असतो. त्याची नोंद खरी की खोटी, यावर त्याच्या एकट्याचा धंदा नव्हे, तर साऱ्या तालुक्यातील बागाईतदारांची पत अवलंबून असते.

नोंदीची गरज का पडली?

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष ठरलेल्या मर्यादेहून अधिक आढळले आणि आपल्या मालाविषयी तेथे संशय उत्पन्न झाला. कोणता माल कोणत्या बागेतला, हे त्या वेळी खात्रीने सांगता येत नव्हते. त्यामुळे दोष थोड्यांचा असला तरी नाव मात्र सर्वांचे गेले. या अनुभवानंतर अवशेष तपासणीची पद्धत बसविण्यात आली, आणि २००६ साली कृषी व प्रक्रियाजन्य खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजेच अपेडाने, ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली. पुढे डाळिंब, आंबा व भाजीपाला यांसाठीही अशीच व्यवस्था झाली.

या प्रणालीचे तत्त्व साधे आहे. शेतकरी आपल्या बागेची नोंदणी कृषी विभागाकडे करतो व त्या बागेस क्रमांक मिळतो. नमुना शेतकऱ्याने नेऊन द्यावयाचा नसून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन तो घेतो. तपासणीचा निकाल प्रयोगशाळा संगणकावर नोंदविते. माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्येच भरला जातो. ॲगमार्कची प्रतवारी व त्यानंतर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, हे सर्व टप्पे त्याच क्रमांकाशी बांधलेले असतात. रॉटरडॅमच्या बंदरात एखाद्या खोक्यात दोष निघाला, तर ते खोके दिंडोरीच्या की निफाडच्या, आणि नेमक्या कोणत्या बागेतले, हे क्रमांकावरून शोधता यावे, असा या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.

हा हेतू अपराध्यास पकडण्यापुरताच आहे असे मानणे चूक होय. त्याहून मोठा लाभ निरपराध्यास आहे. ज्याने नियम पाळले, त्याचा माल दुसऱ्याच्या दोषामुळे अडू नये, यासाठीच ही साखळी आहे.

कागद पुरा, तरी माल अडला

नोंदीचे सामर्थ्य किती व मर्यादा किती, हे २०१० च्या हंगामाने शिकविले. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला. खरड छाटणीनंतर वेलीची फाजील वाढ आवरून घडनिर्मिती साधावी म्हणून हे द्रव्य वापरले जात असे. तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग, इतकी सूक्ष्म होती. आपल्याकडे ज्या द्रव्यांची तपासणी होत होती त्यांच्या यादीत हे द्रव्य नव्हते. म्हणून प्रमाणपत्रे असूनही माल अडकला आणि बागाईतदारांना जबर फटका बसला.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली, प्रमाणपत्र जे विचारले गेले त्याचेच उत्तर देते. न विचारलेल्या गोष्टीविषयी ते मुके असते. म्हणून फवारणीच्या वहीत कीटकनाशके व बुरशीनाशकेच नव्हेत, तर संजीवके, वाढरोधके व पानांवाटे दिलेली खतेही नोंदविली पाहिजेत. दुसरी, यादी पुरी करण्याची जबाबदारी शासकीय यंत्रणेची आहे. बाहेरच्या देशांत मर्यादा बदलली की तिची वार्ता छाटणीपूर्वी गावात पोहोचली पाहिजे. माल क्रेटमध्ये भरल्यावर पोहोचलेली सूचना निरुपयोगी ठरते.

शीतगृहात काय घडते?

शीतगृहात दोन साखळ्या एकत्र येतात. एक क्रमांकाची आणि दुसरी थंडाव्याची. एक तुटली तरी दुसरीचा उपयोग राहत नाही.

थंडाव्याची साखळी प्रथम पाहू. द्राक्षाचा घड तोडल्यावर पिकत नाही. तो केवळ उतरत जातो. तोडणीनंतर उन्हात गेलेला प्रत्येक तास देठाची हिरवी तकाकी कमी करतो. म्हणून माल सकाळच्या थंड वेळी तोडून पॅकहाऊसमध्ये आणावयाचा, भरावयाचा व विलंब न लावता प्रीकूलिंगच्या खोलीत घालून त्याचे तापमान चार अंश सेल्सियसच्या खाली आणावयाचे. नंतर शून्य अंशाच्या आसपास व ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत तो साठवावयाचा. करडी बुरशी शून्य अंशासही पुरती थांबत नाही, म्हणून खोक्यात गंधकवायू सोडणारे कागद घालतात. त्यांचाही अतिरेक झाला तर मण्यांवर पांढरे डाग पडतात व गंधकाचा अंश मर्यादेबाहेर जातो. खोलीच्या भिंतीवरील तापमापक खोलीतील हवेचे तापमान सांगतो, मण्याच्या गराचे नव्हे. गरात सुई घालून घेतलेले तापमान हेच खरे. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक बोटींना आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून जावे लागले व प्रवास कित्येक दिवसांनी लांबला. अशा वेळी आरंभीच्या थंडाव्यातील उणीव बंदरावर उघडी पडल्यावाचून राहत नाही.

आता क्रमांकाची साखळी. असे समजू या की, फेब्रुवारीच्या अखेरीस एका शीतगृहात पाच बागाईतदारांचा माल एकाच रात्री आला. मध्येच वीज गेली, जनित्र सुरू होण्यास वेळ लागला, मजुरांनी घाईने खोकी एका खोलीतून दुसरीत हलविली. पहाटे कारकुनाने आठवणीने नोंदी भरल्या. दोन बागांची खोकी एकमेकांच्या क्रमांकाखाली गेली. पुढे बारा-तेरा टनांच्या त्या कंटेनरमधील एका खोक्यात अवशेष निघाले. क्रमांक ज्याचा, तो शेतकरी पुरता निर्दोष. परंतु संगणक त्याच्याकडेच बोट दाखवितो. त्याने वर्षभर राखलेली फवारणीची वही, त्याचा स्वच्छ निकाल, सारे व्यर्थ ठरते. नोंदच नसती तर निदान संशय सर्वांवर वाटला गेला असता. खोट्या नोंदीने तो एका निरपराध्यावर आणून ठेवला. म्हणून खोटी नोंद ही नोंद नसण्याहून वाईट होय.

याहून वाईट प्रकार म्हणजे जाणूनबुजून केलेली उसनवारी. नोंदणी नसलेल्या बागेचा माल नोंदणी झालेल्या बागेच्या क्रमांकावर घालण्याचा मोह काहींस होतो. हा माल दाराशी येतो तेव्हा तो घेणारा शीतगृहचालकच असतो. एका एकराच्या बागेवर दोन एकरांचा माल उतरू लागला, तर तेथेच हिशेब विचारण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि कर्तव्यही त्याचेच आहे.

अडचणी व त्यांचा विचार

शीतगृहचालकांचे म्हणणे ऐकून न घेता उपदेश करणे योग्य नव्हे. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, माल एकदम येतो, वीज व इंटरनेट यांचा भरवसा नाही, शिकलेला माणूस टिकत नाही, आणि एकच गोष्ट चार ठिकाणी भरावी लागते, ही गाऱ्हाणी खरी आहेत. शासनाने चार अर्जांचा एक अर्ज करावा ही मागणी रास्त आहे. परंतु यातील कोणत्याही अडचणीमुळे नोंद खोटी करावी लागते असे नाही. फार तर ती उशिरा होते. उशिरा झालेली नोंद उशिरा झाली असे लिहून करता येते. यास्तव पुढील पथ्ये प्रत्येक शीतगृहात पाळली जावीत :

१. प्रत्येक खोलीच्या दाराशी शाईने लिहावयाची वही ठेवावी. माल आत जाताच बागेचा क्रमांक, खोक्यांची संख्या, वेळ व गराचे तापमान तेथेच लिहावे. संगणकावरील नोंद या वहीवरून त्याच दिवशी करावी.

२. दोन बागांचा माल एका थप्पीत रचू नये. थप्पीवर क्रमांकाची ठळक चिठ्ठी लावावी व थप्पी हलविल्यास चिठ्ठीही सोबत हलवावी.

३. वीज गेल्याची वेळ व परत आल्याची वेळ लपवू नये. ती लिहून ठेवणारा चालक विश्वासार्ह ठरतो. ज्याच्या वहीत हंगामभर एकच तापमान आढळते, त्याच्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही.

४. तापमापकांची तपासणी हंगामापूर्वी करून घ्यावी.

५. परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देऊ नये. निर्यातदाराच्या कारकुनास किंवा बाजारातील संगणक केंद्रास तो देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय.

६. शेतकऱ्यास माल पोहोचल्याची पावती क्रमांकासह द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

बागाईतदारांपैकी पुष्कळांनी आपल्या बागेच्या क्रमांकावर काय नोंदविले गेले आहे हे कधी पाहिलेलेच नसते. निर्यातदाराचा माणूस सर्व करतो, यातच ते समाधान मानतात. सात-बाराचा उतारा जो दरवर्षी पाहतो, त्याने आपल्या बागेच्या नोंदीकडे पाठ फिरवावी, हे नवल आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने नोंदणीचा अर्ज भरून घेतला म्हणजे आपले काम संपले असे न मानता, काढणीनंतर शेतकऱ्यास त्याच्या नावावरील मालाचे आकडे दाखवावेत आणि शीतगृहाच्या पावतीशी ते जुळवून पाहावयास शिकवावे. आकडे न जुळल्यास तक्रार त्याच आठवड्यात व लेखी व्हावी. तसेच तपासणी अधिकाऱ्याने खोलीत पाऊल न टाकता सही करू नये. वरचा माणूस कागदावर समाधान मानतो हे दिसले की खालचाही कागदच पुरा करतो.

थोड्यांच्या निष्काळजीपणाची किंमत सर्वांनी कशी मोजावी लागते, याचे उदाहरण २०१४ चे आहे. माल किडींसह आल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात बंद केली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या जानेवारीत उठविण्यात आली. परंतु मधला हापूसचा हंगाम गेला तो गेलाच. ज्या कोकणातील बागाईतदाराने एकही सदोष पेटी पाठविली नव्हती, त्यालाही त्या वर्षी युरोपचे दार बंद होते.

द्राक्षबागेस लागणारे कष्ट, कर्ज व काळजी यांचे वर्णन या पत्रिकेच्या वाचकांपुढे करण्याचे कारण नाही. इतके करून पिकविलेल्या मालाची साक्ष शेवटच्या चार दिवसांत खोटी पडू नये, एवढेच मागणे आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. माल आत जाताना दाराशी उभे राहून खरे लिहिणारा एक माणूस लागतो. असा माणूस नेमणे, त्यास योग्य वेतन देणे व त्याने ‘हा माल या क्रमांकाचा नाही’ असे म्हटल्यास त्याची पाठराखण करणे, हे प्रत्येक शीतगृहाच्या मालकाने व प्रत्येक सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाने हंगामापूर्वीच ठरवावे, हे सर्वांच्या हिताचे आहे.