‘आपण जिंकलो’ म्हणजे नक्की कोण जिंकलं?

पोस्ट मोठी आहे. ज्यांची मुलं परवाच्या शिबिरात होती त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

आपल्याकडच्या वस्तुसंग्रहालयात मे महिन्यात उन्हाळी शिबिर झालं. सहावी ते नववीची पोरं, दहा दिवस. मी समारोपाची बातमी करायला गेलो होतो. पोरांनी पुठ्ठ्याच्या तलवारी आणि लाकडी बंदुका घेऊन लढाई करून दाखवली. पालकांनी शूटिंग केलं, पाहुण्यांनी भाषण ठोकलं. बाहेर आल्यावर सातवीतल्या एकाला विचारलं, काय शिकलास रे? म्हणाला, "आपण जिंकलो." आपण म्हणजे कोण? "आपण म्हणजे आपण." कुणाशी लढून? पोरगं जरा गोंधळलं. "शत्रूशी."

पोराला दोष नाही. त्याला जे दाखवलं ते त्यानं सांगितलं.

आता मुद्द्याचं बोलतो. शिबिराच्या छापील पत्रिकेत एक अख्खा दिवस ‘दोन महायुद्धं आणि आपला सातारा जिल्हा’ या विषयाला होता. गावातले एक निवृत्त सुभेदार साहेब आणि हायस्कूलचे इतिहासाचे एक सर बोलणार होते. तो दिवस आदल्या रात्री रद्द झाला. कारण चार जणांनी आयोजकांना फोन केले की इंग्रजांच्या पगारावर लढलेल्यांचा इतिहास आमच्या पोरांना कशाला? आयोजकांनी हात वर केले आणि त्या दिवशी पुठ्ठ्याच्या तलवारी कापायला बसवलं.

ज्यांनी फोन केले त्यांना विचारतो. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढं ‘मिलिटरी’ लागतं, ते पुसणार का? पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली आणि सत्तर हजारांच्या वर परत आलीच नाहीत. दुसऱ्या युद्धात फौज २५ लाखांवर गेली. सगळे गुलाम होते म्हणून विषय मिटवायचा? १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरले होते. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली होती, ती परत सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. कोरडवाहू जमिनीवर पोट भरत नाही म्हणून गेलेला वेगळा, शाळेच्या दारात न घेणाऱ्या गावाला वर्दी दाखवायला गेलेला वेगळा. हे पोरांना कळू नये असं तुम्हाला का वाटतं?

आणि याच जिल्ह्यात दुसरी बाजूही होती. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ पत्री सरकारच्या लोकांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली. पुढच्याच वर्षी १० जुलैला मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि मारले गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने गावानंही त्यांचं स्मारक केलं. एकाच मातीतली माणसं, एक इंग्रजाविरुद्ध, एक इंग्रजाच्या फौजेत. यातला बरोबर कोण? सातवीतलं पोरगं यावर तासभर भांडेल, आणि भांडू द्या की. त्यासाठीच शिबिर असतं.

पण "शौर्य शिकवा, बाकी नको" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. त्यांनी कुतचा वेढा वाचावा. डिसेंबर १९१५. आजच्या इराकमधल्या कुत गावात तुर्कांनी जी फौज कोंडली ती होती पुणे डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या बऱ्याच शिपायांनी घोड्याचं मांस खायला आधी नकार दिला आणि ते आणखी खंगले. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली, साधारण १३ हजार माणसं कैदेत गेली. मग साहेबाला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, आणि शिपाई, गोरे असोत की काळे, वाळवंटातून पायी हाकलले गेले. वाटेत माणसं मरत होती, उरलेल्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. यात कुणी जिंकलं नाही. पण युद्धात जनरलचं काय होतं आणि शिपायाचं काय होतं हे पोरांना याहून चांगलं कुठून कळणार?

आमच्याच घरातलं सांगतो. माझ्या आजोबांचे एक चुलते ‘बसऱ्याला गेले’, घरात एवढंच बोललं जायचं. त्यांच्या नावाची एक काशाची जड चकती आली होती, वीतभराहून कमी. आजी ती दुधाच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवायची. मांजर ढकलू शकत नाही म्हणून. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना मी पहिल्यांदा ती घासून तिच्यावरचं इंग्रजी वाचलं. हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, असं लिहिलंय. साल पहिल्या युद्धाचं, देश पारतंत्र्यात! कुणाचं स्वातंत्र्य? मी तेव्हा विशीत होतो. हा प्रश्न मला सातवीत कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

चकतीवर निदान पूर्ण नाव तरी आहे. गावोगावच्या संगमरवरी पाट्या बघा. या गावातून इतके गेले, इतके मेले. दोन आकडे, नाव एकाचंही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही तसंच झालं, अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली नुसता आकडा आला. त्याबद्दल २०२१ मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यानं पार्लमेंटमध्ये माफी मागितली. आपण काय करतो? त्या पाटीला ऑइलपेंट फासतो आणि पुढं वाढदिवसाचा फ्लेक्स लावतो.

मुलं लहान आहेत, त्यांना मरणाच्या गोष्टी नको, असंही एक ताई म्हणाल्या. थोडं मान्य. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातले फोटो सहावीच्या पोराला दाखवू नका, मीही दाखवणार नाही. पण तीच पोरं मोबाईलवर रात्री अकरापर्यंत माणसं मारत असतात हो ताई. तिथं मेलेला पुन्हा उठतो, एवढाच फरक.

आणि हो, मीही धुतल्या तांदळाचा नाही. समारोपाची माझी बातमी ‘चिमुकल्यांनी जागवला शौर्याचा इतिहास’ अशा मथळ्यानं छापून आली. मथळा माझाच होता. रद्द झालेल्या दिवसाबद्दल त्यात एक ओळ नव्हती, कारण जाहिरात देणारेच स्टेजवर बसले होते.

दिवाळीच्या सुट्टीत संग्रहालय पुन्हा शिबिर घेणार आहे म्हणे. रद्द केलेला दिवस पत्रिकेत परत घाला. पोरांना जवळच्या गावातली पाटी दाखवायला न्या, ती धुवायला लावा. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट आहे, बऱ्याच नावांपुढं बापाचं आणि गावाचं नावही आहे. पोरांना आपल्या गावची नावं शोधू द्या, आडनावं ओळखीची निघतील. चकती मी आणून देतो, हातात घेऊन बघू देत.

सुभेदार साहेबांशी कालच बोललो. अजूनही यायला तयार आहेत. म्हणाले, "येतो की. फक्त आदल्या राती फोन करून नको म्हणू नका, धोतर-कोट इस्त्री करून ठेवला होता मी."