पैठणीची उलटी बाजू

लग्नसराई आली की घराघरांतून एक दृश्य आता हमखास दिसते. घरातील मुलगी भ्रमणध्वनीवर एखाद्या अभिनेत्रीचे छायाचित्र पाहते, त्यावर बोट ठेवते आणि क्षणार्धात तशाच दिसणाऱ्या साड्या, दागिने, चपला किमतींसह समोर उभ्या राहतात. पाहणे आणि विकत घेणे यांतील अंतर जवळजवळ संपले आहे. वरकरणी सोयीच्या वाटणाऱ्या या गोष्टीचा थोडा गांभीर्याने विचार व्हायला हवा.

नटनट्यांच्या पेहरावाचे अनुकरण नवे नाही. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीची लाट आली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतील जान्हवीचे मंगळसूत्रही घरोघरी पोहोचले. परंतु त्या अनुकरणाची वाट कापडाच्या दुकानातून, शिंप्याकडून, सराफाच्या पेढीवरून जात असे. सोबत आई असे, मनात घरखर्चाचा हिशेब असे, कापड हाताने चाचपले जाई. त्या वाटेवर अनेक हौशी आपोआप गळून पडत.

ही वाट तंत्रज्ञानाने पुसली. २००६ मध्ये अमेरिकेत 'लाइक डॉट कॉम'ने छायाचित्रातील वस्तूंसारख्या वस्तू शोधून देण्याची सोय केली. २०१० मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. २०१७ मध्ये 'गूगल लेन्स' आले, २०१९ मध्ये ॲमेझॉनने 'स्टाइलस्नॅप' आणले. अशी यंत्रणा चित्रातील रंग, आकार आणि नक्षी यांचे आकड्यांत रूपांतर करते व विक्रेत्यांकडील असंख्य चित्रांशी ते ताडून पाहते. तिला साम्य कळते. अस्सलपणा कळत नाही.

या उणिवेची किंमत कोण मोजतो, हे येवल्याच्या विणकराला विचारावे. हातमागावरील अस्सल पैठणी विणायला कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर कित्येक महिने लागतात. ती ओळखण्याची जाणत्या स्त्रियांची रीत साधी आहे. त्या काठ उलटून पाहतात. हाती विणलेल्या काठाची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ असते; यंत्रमागावरील नकलेच्या पाठीमागे सुटे धागे लोंबतात. छायाचित्राला मात्र उलटी बाजूच नसते. तेथे महिनोन्महिने खपलेला कारागीर आणि काही तासांत निघालेली नक्कल एकाच रांगेत बसतात आणि स्वस्त म्हणून नक्कल पुढे सरकते.

सामान्य घरातील मुलीने हौस करू नये काय? अवश्य करावी. यंत्रमागाची साडी नेसण्यात कमीपणा नाही. तीही आपल्याच कामगारांच्या घामातून येते. आक्षेप आहे तो नकलेला पैठणी म्हणून विकण्याला आणि दुसऱ्याचे रूप अंगावर चढवल्याखेरीज आपण अपुरे आहोत, ही भावना कोवळ्या मनांत रुजवण्याला.

७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्यात स्वदेशीची घोषणा झाली. त्याच वर्षी पुण्यात तरुण सावरकरांनी विदेशी कापडाची होळी पेटवली. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो. आज कापड जाळण्याची गरज नाही, ते ओळखण्याची आहे. आपण नेसतो ते कोणी विणले, हे विचारणे हीच आजची स्वदेशी. यंत्र आपले वैरी नाही. ज्या भ्रमणध्वनीवर नक्कल सापडते, त्याच्यावरूनच येवल्याच्या विणकराशी थेट बोलताही येते.

त्यासाठी काही साधे नेम पुरेत. छायाचित्र पाहून वस्तू आवडली तर एक रात्र जाऊ द्यावी. रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क पाहावा. मोबदला घेऊन जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी ते स्पष्ट सांगावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये दिली आहेत. ती मुलांना समजावून सांगावीत. आणि घरातील कपाट उघडून आजीची साडी नातीच्या हाती द्यावी. काठ उलटून कसा पाहायचा, हे तिला यंत्र शिकवणार नाही. ते आपणच शिकवायचे आहे.